सकाळी बदकं, संध्याकाळी घुबडं: नागपूर आणि आसपास

तर्रीपोहे

दरवर्षी डिसेंबर लागला की इथे एक तरी विचारणा येतेच, नागपूरला हिवाळ्यात पक्षी बघायला कुठे जाऊ? आपण सगळे अंबाझरी तलाव, गोरेवाडा तलाव एवढं टाकतो आणि मोकळे होतो. म्हणून यंदा जरा सविस्तर. परवाचा रविवार पूर्ण मोकळा होता. सकाळ बदकांची, संध्याकाळ घुबडांची, आणि मधे वाघ दिसला तरी थांबायचं नाही असं ठरवून निघालो. उमरेडच्या वाघांच्या जंगलाच्या बाजूला जाताना ही फुशारकी मारायची सोय असते.

जानेवारीत नागपुरात सूर्य सातला दहा मिनिटं कमी असताना उगवतो. तोवर पारडगावच्या तलावावर पोचायचं तर अंधारातच गाडीला किक मारावी लागते. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तसली थंडी नव्हती. तरी हातमोज्यातून बोट बाहेर काढून दुर्बिणीचं चाक फिरवायचं जिवावर येत होतं.

पाण्यावर धुकं होतं, त्यामुळे आधी आवाज आले. चक्रवाकाचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, नाकातून काढलेली जरा रडकी 'आंग, आंग' अशी हाक. धुकं विरळ झालं तसे पलीकडच्या काठावर विटकरी ठिपके दिसू लागले. जोडीजोडीने उभे होते. त्यांच्या मागे उघड्या पडलेल्या गाळात पट्टेरी राजहंस.

रब्बीला पाणी सोडलं की तलाव मागे सरकतो आणि लोक त्या ओल्या जमिनीत गाळपेर करतात. हरभरा वीतभर वर आला की राजहंस तिथेच मुक्काम टाकतात. हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. ट्रान्समीटर लावलेले राजहंस ७ हजार मीटरच्याही वर उडताना नोंदले गेलेत. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन आपल्यापेक्षा नेटाने पकडतं. आणि एवढं करून इथे येऊन काय करायचं, तर कोणाच्या तरी हरभऱ्याचे शेंडे खुडायचे! ज्यांचं वावर होतं ते काका काठी घेऊन बांधावर बसले होते. म्हणाले, "खातेत, पण शेंडा खुडला तं फुटवे जास्त फुटतेत." त्यांच्या या मतावर माझा पूर्ण विश्वास बसला नाही, पण काठी त्यांनी उचलली नाही हेही खरं.

नवख्यांसाठी एक गोष्ट. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभं राहा. सूर्य पाठीशी राहतो आणि रंग दिसतात. समोरच्या काठावर गेलात तर सगळी बदकं काळी. 'ओळखूच येत नाहीत' ही निम्मी तक्रार इथून सुरू होते आणि दोष दुर्बिणीला जातो.

आणि लगेच नाव शोधायला जाऊ नका. पक्षी खातोय कसा ते आधी बघा. काठच्या उथळ पाण्यात डोकं बुडवून शेपूट आभाळाकडे करणारे ते एका गटातले: तलवार बदक, थापट्या, गॅडवॉल, चक्रांग. मधल्या खोल पाण्यात अख्खे बुडून भलतीकडेच वर येणारे दुसऱ्या गटातले: लालसरी, शेंडी बदक. एवढं कळलं की पुस्तकाची निम्मी पानं उलटायची गरज उरत नाही.

थापट्यांचा एक घोळका गोल गोल फिरत होता. प्रत्येकाची चोच पाण्यात, पुढच्याच्या शेपटीला लागून. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं बारीकसारीक मागचा गाळून घेतो. त्या रुंद चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, पाणी बाहेर आणि खाणं आत. दुर्बिणीतून चोचीच्या कडेने निथळणारं पाणीसुद्धा दिसत होतं.

पण माझी सकाळ वसूल केली ती एका चांदव्याने (काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) आणि एका गॅडवॉल नराने. चांदवा बुडी मारून तळाच्या शेवाळी गवताची जुडी घेऊन वर आला. गॅडवॉल शेजारीच तरंगत होता. चांदव्याने घास गिळायच्या आत याने जुडीचं दुसरं टोक धरून ओढलं. चांदवा परत खाली, परत वर, परत तेच. गॅडवॉल सहसा बुडी मारत नाही, म्हणून तळाचं गवत हवं असेल तर बुडणाऱ्याची संगत धरतो. एरवी चांदवा महा भांडखोर पक्षी, आपापसात पाय उगारून मारामाऱ्या करतो. या गॅडवॉलवर मात्र त्याने एकदाही चोच उगारली नाही.

साडेदहानंतर ऊन चढलं, बदकांनी माना पाठीत खुपसल्या आणि बघण्यासारखं फार उरलं नाही. काठावर एक ढिवर दादा डोंग्यातलं जाळं सोडवत होते. त्यांना विचारलं, दिवसभर ही झोपतात तर खातात कधी? ते म्हणाले, "रातच्याला. अंधार पडला का उठते सारे अन् धानाच्या बांध्यांत जाते. पहाटं परत." पुस्तकातही हेच आहे, पण त्यांनी कुठल्या दिशेला उडतात तेही हात करून दाखवलं.

दुपारी टपरीवर पोहे, वर तर्री, मग झाडाखाली तासभर आडवा. संध्याकाळी शहराकडे येताना दोन ठिकाणी थांबलो.

पहिलं ठिकाण रस्त्याकडेच्या जुन्या चिंचेचं. पिंगळ्याची जोडी ढोलीच्या तोंडाशी उन्हं खात बसली होती. मला बघून एकाने मान खाली-वर, डावी-उजवी केली, मग दुसऱ्याने. ते अंतर मोजत असतात. घुबडाला बुबुळं आपल्यासारखी फिरवता येत नाहीत, म्हणून डोकंच हलवावं लागतं.

दुसरं ठिकाण एका नाल्याचा कडा. तिथे शृंगी घुबड आहे. ते दिसण्याआधी मला खडकाखाली त्याने ओकलेली गुठळी सापडली, अंगठ्याहून जाड. काडीने उकलली. आत राखाडी केसांचा लगदा, त्यात उंदराचा खालचा जबडा, पुढचे दात अजून नारिंगी. एक बारीक बरगडी आणि खेकड्याच्या नांगीचा तुकडा. घुबड मांस पचवतं, हाडं-केस असे बांधून बाहेर टाकतं. मी लांबच्या बांधावर जाऊन बसलो. उन्हं गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ते कड्यावर येऊन बसलं, कानाची पिसं वर, नारिंगी डोळे. दोनदा 'बूऽहो' केलं आणि शेतावर उतरलं. पंखांचा आवाज शून्य.

दोन्ही जागा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. तलावांबद्दल काहीही विचारा.

---

धरमपेठी

झकास! अंबाझरीचं मात्र वाईट वाटतं. लहानपणी बाबा मागच्या बाजूला न्यायचे, तेव्हा लालसरींनी पाणी दिसत नसे. आता जलपर्णी दिसते. २३ सप्टेंबर २०२३ चा पूर आल्यापासून अंबाझरी म्हटलं की लोकांना फक्त सांडवा आणि बुडालेल्या वस्त्या आठवतात, पक्ष्यांचं नाव कोण घेणार. जैवविविधता उद्यानाकडून गेलं तर अजून काही दिसतं का?

---

तर्रीपोहे

दिसतं ना ताई. उद्यानाच्या बाजूचा काठ अजून चांगला आहे. अडई, हळदीकुंकू बदक, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या हमखास. गवतात खंड्या आणि शिंजिरही. पण लांबून येणाऱ्या बदकांना हवं असतं उथळ काठ, पाण्याखाली गवत आणि दिवसा निवांतपणा. जलपर्णी पसरली की खालच्या गवताला ऊन मिळत नाही, ते मरतं, मग गॅडवॉल येऊन खाणार काय? फुटाळा तलावाला तर संध्याकाळी इतका दिवा आणि गाणी की मी बदक असतो तर मीही उमरेडला गेलो असतो.

शहराजवळ हवं असेल तर हिंगण्याकडचा झिलपी तलाव, नाहीतर गोरेवाडा. बुटीबोरीकडे वडगाव धरण मोठं आहे, तिथे स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) लागतो.

---

खारपानपट्टा

काऊन जी भाऊ, तुमी तं घुबडामांगे फिरता! आमच्या गावात म्हातारी घुबडाचं नावच घेऊ देत नाही. मी लहान होतो तवा एका पोट्ट्यानं पिंगळ्याले गोटा मारला. आजी म्हणे, आता ते घुबड तो गोटा उचलून नदीवर नेईन अन् रोज घासत बसन. गोटा जसा झिजन तसा हा पोट्टा झिजन. तो पोट्टा आता शंभर किलोचा सरपंच आहे. पण त्या दिवसापासून गावात कोणी घुबडाले गोटा मारला नाही, हेबी तेवढंच खरं.

---

निशाचर

खारपानपट्टा भाऊ, तुमच्या आजीचे उपकारच आहेत. आमच्या भागात उलट आहे, दिवाळीच्या आसपास घुबड पकडायला लोक फिरतात. अमावास्येचे भलते प्रकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घुबड पकडणं, विकणं, पाळणं सगळा गुन्हा आहे, पण मागणी आहे तोवर पिंजऱ्यात घुबड सापडतं. असं काही दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

अवांतर: पहाटे दारावर येणारा पिंगळा जोशी आता कोणाच्या गावात येतो का? पिंगळ्याची भाषा कळते म्हणून भविष्य सांगायचे ते. माझ्या आजोळी कंदील, घोंगडी, डोक्याला मुंडासं. आम्ही पोरं गोधडीतून बघायचो.

---

लेन्सवाला

लेख चांगला. पण त्या शृंगी घुबडाची जागा द्या की राव. मी नागपूरला चार दिवस आहे, ६०० एमएमची लेन्स घेऊन आलोय. पिंगळे खूप झाले. आपण सगळे निसर्गप्रेमीच आहोत, इतकं काय लपवायचं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, उत्तर नाही.

---

तर्रीपोहे

दादा, व्यनि पाहिला. इथेच उत्तर देतो म्हणजे पुढच्यालाही लागू पडेल: नाही देणार.

तुमच्याबद्दल काही नाही. शृंगी घुबड आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात वीण करतं. घरटं म्हणजे काय, तर कड्याच्या कपारीत उघडी जमीन, त्यावर अंडी. काटक्यासुद्धा नाहीत. मादी अंड्यांवर असताना कड्याखाली माणूस आला की ती उडते, अंडी थंडीत उघडी पडतात. तुम्ही एकटे गेलात आणि सभ्यपणे लांब बसलात तरी फोटो चढवाल, मागे ओळखू येणारा खडक असेल, पुढच्या रविवारी तिथे चार गाड्या असतील.

झिलपीला या, वडगावला या, मी स्वतः सोबत येतो. बदकांचं सांगायला मला अडचण नाही कारण मोठ्या पाण्यावर ती आपल्याला दाद देत नाहीत, नको वाटलं की मधे जाऊन बसतात. अंड्यांवरच्या घुबडाला तशी सोय नाही.

---

लेन्सवाला

म्हणजे तुम्ही बघणार, आम्ही नाही. हा कुठला न्याय? आणि फोटो आले नाहीत तर लोकांना घुबडाबद्दल आपुलकी कशी वाटणार? अंधश्रद्धा फोटोंनीच जाते.

---

जुनी चिंच

लेन्सवाला, तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

आमच्या कॉलनीमागच्या आमराईत एक मॉटल्ड वूड आऊलची जोडी होती. त्यांचा तो कापरा, चढत जाणारा आवाज ऐकून नव्या भाडेकरूंनी रात्री पोलिसांना फोन केल्याचीही गंमत झाली. मग एका गटाला पत्ता लागला. त्यांनी मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावला. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं, पहारा सगळं सोडून आवाजाकडे येतो, फांदीवर उघडा बसतो, फोटो झकास मिळतो. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा गट, तोच प्रकार. काही आठवड्यांत आमराई गप्प झाली. झाडं आजही तिथेच आहेत.

आपुलकी वाढवायला पिंगळा पुरतो. तो माणसाच्या शेजारी राहतो, दिवसाही ढोलीशी बसतो, त्याला कॅमेऱ्याची सवय असते. महाराजबाग, सेमिनरी हिल्स, कुठल्याही जुन्या कॉलेजच्या आवारात कडुनिंबावर बघा. "पिंगळे खूप झाले" म्हणालात ना, त्याला बेडूक पिलाला भरवताना टिपलंय का कधी? फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा हंगाम, लांबून आणि फ्लॅश न मारता.

---

कोराडीवाला

+१ जुनी चिंच. वाचनखूण साठवली.

---

ढग

मी अगदी नवीन आहे, हसू नका. गांधीसागर तलावाला सकाळी फिरायला जाते, तिथे एक मोठं तपकिरी बदक दिसलं. अंगावर खवले-खवले, चोच काळी पण टोक पिवळं. नर-मादी सारखीच दिसत होती. हे सैबेरियातून आलेलं का?

---

निशाचर

हसायचं काय त्यात, वर्णन इतकं नेमकं दिलंत की फोटोची गरजच नाही. ते हळदीकुंकू बदक. टोकाची पिवळी हळद दिसली, आता पुढच्या वेळी चोच कपाळाला मिळते तिथे बघा, दोन्ही बाजूंना लाल ठिपका असतो, ते कुंकू. सैबेरिया वगैरे काही नाही, आपल्याच पाण्यावर बारा महिने राहणारं.

---

ढग

अय्या, खरंच आहे! आज लाल ठिपका दिसला. मग बाहेरून आलेल्या बदकांच्या माद्या कशा ओळखायच्या? पुस्तकात सगळ्या तपकिरीच.

---

तर्रीपोहे

सगळ्यांना छळणारा प्रश्न. अंगाकडे बघूच नका, चोच आणि पंख बघा.

गॅडवॉल मादीच्या काळपट चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी असतात आणि पंखावर पांढरा चौकोन, तोही बसलेली असताना अनेकदा लपलेला. तलवार बदकाची मादी सडपातळ, मान लांब, चोच राखाडी. थापट्याची मादी चोचीवरून लपूच शकत नाही. चक्रांग सगळ्यांत छोटं, पंख उघडला की हिरवा पट्टा चमकतो. भुवई बदकाच्या मादीच्या डोळ्यावर फिकी भुवई, डोळ्यातून जाणारी काळी रेघ, आणि चोचीच्या मुळाशी एक फिका ठिपका. एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

म्हणून मी नवख्यांना जानेवारीत बोलावतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी बदकांचे नर रंगीत पिसं गाळून मादीसारखा साधा वेश घेतात. त्याच काळात उडायची मोठी पिसंही एकदम झडतात, काही आठवडे उडता येत नाही, तेव्हा भडक दिसून कसं चालेल. इथे पोचतात तेव्हा बरेच नर अजून त्याच मळक्या वेशात असतात. डिसेंबरअखेर रंग परत चढतो. नर ओळखू आला की त्याला बिलगून पोहणारी ती बहुधा त्याचीच बाई.

---

सदाशिव पेठ ३०

आमच्या पुण्यात सध्या नदीवर फक्त पाणकावळे आणि तक्रारी. नागपूरकरांचा हेवा वाटतो, हे वाक्य लिहिताना हात थरथरतोय. दुर्बीण कुठली घ्यावी? दुकानदार १२ बाय ५० म्हणतोय.

---

कोराडीवाला

दुकानदाराला म्हणावं तुम्हीच घ्या. ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा पटीला हातातली थरथरही बारा पट होते (हेव्याची वेगळी). आणि ४२ ला ८ ने भागलं तर सव्वापाच, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. १२ बाय ५० ला जेमतेम सव्वाचार. संध्याकाळी घुबड बघताना हा फरक कळतो.

---

मेळघाटचा माकड

रानपिंगळ्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? घुबडांचा धागा आणि विदर्भ म्हणजे तो यायलाच हवा. नागपूरला दिसायची शक्यता आहे का?

---

जुनी चिंच

नागपूर शहराजवळ त्याच्या आशेवर जाऊ नका. आपल्या भागात त्याचं खरं घर मेळघाट. आणि गोष्ट अशी आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ए. ओ. ह्यूमने १८७३ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर विश्वासार्ह नोंदच नाही. फक्त एक कातडं होतं, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी लावलेलं, रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या कर्नलच्या संग्रहातलं. लोक तिथे शोधत राहिले, मिळेना. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली कातडी तपासली तेव्हा कळलं की या गृहस्थाने दुसऱ्याचं जुनं कातडं चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. मग खोटा पत्ता बाजूला ठेवून खऱ्या जुन्या पत्त्यांवर शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ, यावल, अगदी मुंबईजवळ तानसापर्यंत सापडला.

आणि पिंगळा दिसला की "रानपिंगळा!" म्हणून ओरडू नका. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं, छातीवर गडद तपकिरी, पोट पांढरं आणि पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी भरलेले.

---

खारपानपट्टा

बाप्पा! पक्ष्याचीबी चोरी अन् पत्ताबी खोटा. आमच्याकडच्या सातबाऱ्यावानीच झालं हे.

---

गोदाकाठ

नाशिककडून नमस्कार. आमच्या नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा जाहीर झाला, त्यानंतर गर्दी वाढली आणि थोडी शिस्तही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. नागपूरकरांनी तुमचे छोटे तलावही त्यात घालावेत. मोठ्या धरणांची मोजणी होते, गावतळी राहून जातात.

---

तर्रीपोहे

अगदी बरोबर. आमच्या पूर्वेकडे तर गावतळ्यांचीच श्रीमंती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि आमच्या जिल्ह्याचा पूर्व भाग इथले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. उताराला बांध, तीन बाजू उथळ. बदकांना अगदी हेच हवं असतं. बेशरम नावाची झुडपं वाढली आणि तळ खरवडून 'खोलीकरण' झालं की उथळ काठ जातो आणि बदकंही जातात. खोल केलेल्या तळ्यात पाणी जास्त मावतं हे मान्य, पण डोकं बुडवून खाणाऱ्याची चोच तळाला पोचायला हवी ना. भंडारा-गोंदियाकडे ढिवरांनी काही तलावांतली बेशरम उपटून जुन्या पाणवनस्पती परत लावल्या, मासे वाढले, पक्षीही आले.

---

धरमपेठी

एक गोष्ट राहिली. संक्रांत तोंडावर आहे. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली तरी आमच्या गल्लीत मिळतोय. 'ओ काट' करून पोरं घरी जातात, मांजा झाडावर लटकत राहतो आणि अंधारात निघालेल्या घुबडाला तो दिसत नाही. मागच्या वर्षी आमच्या कडुनिंबात गव्हाणी घुबड पंखाने अडकलं होतं. ओढून काढू नका, पंख चिरतो. दोरा दोन्ही बाजूंनी कापायचा, पक्ष्यावर कापड टाकायचं, खोक्यात अंधार करून ठेवायचं, पाणी पाजायला जायचं नाही. सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आम्ही तिथे नेलं. टाके घालून काही दिवसांनी सोडलं त्यांनी.

---

लेन्सवाला

ठीक आहे, शृंगीचा हट्ट सोडला. पटलं असं नाही, पण वडगावला येतो. ६०० एमएमला राजहंस उडताना मिळाले तर भांडण मिटलं समजा.

---

तर्रीपोहे

या दादा. येत्या रविवारी सकाळी सहाला बुटीबोरी चौकातल्या चहाच्या टपरीवर. ढग ताई, तुम्हीही या, माझ्याकडे जास्तीची ८ बाय ४२ आहे. पांढरे किंवा भडक कपडे नकोत, मातकट काहीतरी. बांधावर चढताना वाकून, कारण आभाळासमोर उभा माणूस दिसला की आधी चक्रवाक बोंब मारतात आणि मग अख्खं पाणी उठतं. टपरीवाला सातनंतरच पोहे लावतो, त्यामुळे घरून काहीतरी खाऊन या.

---

ढग

येते. चप्पल चालेल की बूट? आणि माझा पुतण्या आठ वर्षांचा आहे, त्याला आणलं तर चालेल का? बडबड्या आहे.

---

जुनी चिंच

बूट, गाळ असतो. पुतण्याला आणा आणि थापट्या मोजायला बसवा. ते फिरत राहतात, त्यामुळे मोजणी कधी पूर्ण होत नाही.